गिबोन : दिलेल्या शब्दाचं गाव

मागच्या दोन व्याख्यानांत आपण यरुशलेम आणि लाखीश ही मोठी नगरं पाहिली. राजे, वेढे, तटबंद्या, अश्शूरी सैन्य, असा सगळा मोठा पसारा होता. आज मी मुद्दाम एक लहान गाव निवडलं आहे. या गावाचा कुणी राजा नव्हता, इथून कुणी साम्राज्य चालवलं नाही. तरीही हिब्रू धर्मग्रंथांत ते पुन्हा पुन्हा डोकावतं. यहोशवाच्या पुस्तकापासून नहेम्यापर्यंत, दर वेळी वेगळ्याच प्रसंगात. गावाचं नाव गिबोन. मराठी बायबलात हेच रूप येतं, मूळ हिब्रू उच्चार 'गिव्ओन'च्या जवळचा आहे.

हे गाव मला का महत्त्वाचं वाटतं, ते आधीच सांगून टाकतो. त्याच्या गोष्टीत एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत राहतो. फसवून मिळवलेला शब्द पाळायचा का? आणि तो पाळायचा असेल, तर किती पिढ्या? हा प्रश्न काही फक्त तीन हजार वर्षांपूर्वीचा नाही. पण आज आपण त्याच गावात राहूनच तो बघू.

शिळ्या भाकरी आणि फाटके बुधले

गोष्ट यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सुरू होते. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले आहेत. यरीहो पडलं, आय पडलं. आता पुढचा नंबर कुणाचा, या धास्तीत सगळा मुलूख आहे. बाकीचे राजे एकत्र येऊन लढायची तयारी करतात. गिबोनचे लोक मात्र दुसरी वाट धरतात. ते सोंग घेतात.

गाढवांवर जुनी पोती घालतात. द्राक्षारसाचे बुधले घेतात, तेही फाटून शिवलेले. पायांत ठिगळं लावलेले जोडे, अंगावर जीर्ण कपडे, आणि शिदोरीत वाळलेली, बुरशी आलेली भाकरी. अशा थाटात ते गिल्गालच्या छावणीत येतात आणि म्हणतात, आम्ही फार दुरून आलो आहोत, घरून निघालो तेव्हा ही भाकरी गरम होती, आमच्याशी करार करा. इस्राएलचे वडीलधारे त्या शिदोरीतलं थोडं घेतात आणि शपथ देऊन मोकळे होतात. ग्रंथकार इथे एक बोचरं वाक्य घालतो, की त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही.

तीन दिवसांनी खरं कळतं. हे लोक दूरचे कुठले, अगदी शेजारचे! गिबोन, कफीरा, बैरोथ आणि किर्याथ-यारीम अशी त्यांची चार गावं आहेत. छावणीत लोक संतापतात. पण पुढारी म्हणतात, आपण शपथ दिली आहे, आता त्यांना हात लावता येणार नाही. मधला मार्ग निघतो. त्यांना जिवंत ठेवायचं, पण त्यांनी लाकूडतोडे आणि पाणक्ये म्हणून राबायचं.

आता इथे जरा थांबू. या गोष्टीत गावाचं वर्णन कसं आहे बघा. गिबोन हे राजनगरांसारखं मोठं शहर होतं, असं ग्रंथ म्हणतो. पण राजाचा उल्लेख कुठेच नाही. निर्णय घेतात ते गावातले वडीलधारे आणि रहिवासी. आजूबाजूला प्रत्येक गावाचा एक राजा आहे, यरुशलेमचा, हेब्रोनचा, यर्मूथचा, लाखीशचा, एग्लोनचा. आणि मधेच हे राजा नसलेलं गाव, जे लढायच्या ऐवजी बोलणी करतं.

दुसरी गोष्ट. पुढच्याच, म्हणजे दहाव्या अध्यायात या शब्दाची पहिली परीक्षा होते. वर सांगितलेले पाच राजे एक होऊन गिबोनवर चालून जातात, कारण गिबोननं शत्रूशी हातमिळवणी केली. गिबोनचे लोक यहोशवाकडे निरोप धाडतात. त्याला सोपं होतं, आपोआप कटकट मिटली असती. फसवणारे परस्पर मारले गेले असते, आणि शपथही मोडली नसती. पण तो रातोरात गिल्गालहून चढ चढून येतो आणि लढतो. याच लढाईत सूर्य गिबोनावर आणि चंद्र अयालोनच्या खोऱ्यावर थांबल्याची प्रसिद्ध कथा आहे. ग्रंथकार ती ओळ 'याशार' नावाच्या एका जुन्या पुस्तकातून घेतल्याचं सांगतो. ते पुस्तक आज उरलेलं नाही. जगात गिबोनचं नाव कुणाला माहीत असेल तर ते बहुधा या सूर्यामुळे. मला मात्र सूर्यापेक्षा ती रात्रीची चढण जास्त महत्त्वाची वाटते.

अल-जीब आणि मडक्यांचे कान

आता ग्रंथ बाजूला ठेवू आणि जमिनीकडे येऊ. हे गाव होतं कुठे?

यरुशलेमच्या वायव्येला सुमारे नऊ-दहा किलोमीटरवर अल-जीब नावाचं पॅलेस्टिनी गाव आहे. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकन अभ्यासक या भागात फिरत होते. त्यांच्याबरोबर एली स्मिथ होते, त्यांना अरबी उत्तम येत होतं. या दोघांची पद्धत साधी होती. गावकऱ्यांच्या तोंडी गावाचं आणि टेकडीचं जे नाव आहे ते नीट ऐकायचं, आणि त्यात जुनं नाव लपलंय का ते पाहायचं. 'गिव्ओन'मधला 'ग' अरबीत 'ज' होतो, शेवटचा भाग झिजतो, आणि उरतं 'जीब'. टेकडीही योग्य जागी होती. रॉबिन्सन म्हणाले, हेच गिबोन.

पण नुसत्या नावावर विसंबता येतं का? नावं गावांबरोबर सरकतात. लोक उठून दुसरीकडे जातात आणि जुनं नाव नव्या वस्तीला देतात. त्यामुळे पुढची शंभर वर्षं काही विद्वान शंका घेत राहिले. वडाची साल पिंपळाला तर लागत नाही ना?

उत्तर १९५६ साली मिळायला सुरुवात झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे जेम्स प्रिचर्ड यांनी अल-जीबला उत्खनन सुरू केलं. १९५६ ते १९६२ या काळात पाच हंगाम काम चाललं. टेकडीवर खडकात कोरलेला एक प्रचंड गोल खड्डा होता, तो राडारोड्यानं भरलेला होता. तो उपसताना मडक्यांचे कान मिळू लागले. कान म्हणजे रांजणाला उचलायला असतात ते दोन मूठ-कान. त्यांवर जुन्या हिब्रू लिपीत अक्षरं कोरलेली होती. अशी पन्नासहून अधिक कोरीव लेखांची खापरं मिळाली, आणि त्यांतल्या बऱ्याच खापरांवर एकच शब्द होता. गिबोन.

पुरातत्त्वात असं भाग्य क्वचित लाभतं. गाव स्वतःच आपलं नाव सांगतंय. पण शंकेखोर माणूस इथेही प्रश्न विचारतो, आणि विचारायलाच हवा. समजा, उद्या पुण्यातल्या एखाद्या उकिरड्यात 'देवगड' लिहिलेल्या आंब्याच्या पेट्या सापडल्या. मग ती जागा देवगड ठरते का? उलट, माल जिथे पोचतो तिथेच त्या पेट्या पडतात. म्हणजे रांजणावर 'गिबोन' लिहिलंय याचा अर्थ रांजण गिबोनहून आला, एवढाच निघू शकतो.

याचं उत्तर पुढच्या हंगामांत मिळालं. टेकडीवर खडकात कोरलेले खड्डे सापडले, एकूण ६३. आकार बाटलीसारखा, तोंड अरुंद, पोट मोठं, खोली दोन मीटरच्या थोडी वर. आपल्याकडे धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं ना, अगदी तसंच. पण या पेवांत धान्य नव्हतं. जवळच द्राक्षं तुडवायची कुंडं होती, रस निवळायची टाकी होती. रांजणाच्या तोंडात बसणारी मातीची बुचं आणि रस ओतायचं नरसाळंही मिळालं. खडकातल्या या पेवांत उन्हाळ्यातही गारवा टिकतो, तापमान साधारण १८ अंश सेल्सियस राहतं. प्रिचर्ड यांनी हिशेब मांडला की सगळ्या पेवांत रांजण भरून ठेवले तर सुमारे ९५,००० लिटर द्राक्षारस मावेल.

म्हणजे ही माल पोचण्याची नव्हे, माल निघण्याची जागा होती. पेट्याही इथे, बागही इथे, आणि भरणीही इथेच. ती खापरं साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली धरली जातात. त्यांवर गावाच्या नावापुढे कधी 'गदर' असा शब्द येतो, त्याचा अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेला मळा असा लावतात. त्यापुढे माणसाचं नाव असतं. अजऱ्या, अमऱ्या, हनन्या. हे बहुधा मळ्यांचे किंवा कारखान्यांचे मालक असावेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचा शिक्का आहे तो, अमुक गावचा, तमक्याच्या मळ्यातला.

आता तुम्हाला आठवेल, की यहोशवाच्या गोष्टीत गिबोनचे लोक सोंगासाठी काय घेऊन आले होते? द्राक्षारसाचे फाटलेले बुधले. ज्या गावात रस साठवायला ६३ पेवं आहेत, त्या गावच्या माणसांनी फाटका बुधला दाखवणं, हे ऐकणाऱ्याला केवढं गमतीचं वाटलं असेल! हे पुरावा म्हणून सांगत नाही. पेवं आणि गोष्टीचा काळ वेगळा आहे. पण ही गोष्ट ज्यांनी सांगितली आणि ऐकली, त्यांना गिबोन म्हटलं की द्राक्षारस आठवत असणार, एवढं म्हणायला हरकत नाही.

पाणी

त्या गोल खड्ड्याकडे परत जाऊ. तो उपसल्यावर जे दिसलं ते असं. व्यास ११ मीटरच्या वर, खोली जवळजवळ ११ मीटर, सगळा अखंड चुनखडकात कोरलेला. कडेकडेनं वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, बाजूला खडकातूनच ठेवलेला कठडा. तळाशी पोचलं की काम संपत नाही. पायऱ्या बोगद्यात शिरतात आणि आणखी खाली जातात. एकूण ७९ पायऱ्या. शेवटी, वरच्या जमिनीपासून सुमारे २४ मीटर खोल, एका कोठडीत पाणी. आपल्याकडची बारव ज्यांनी उतरून पाहिली आहे त्यांना कल्पना येईल, फक्त हिचा आकार गोल आणि सगळं काम बांधीव नव्हे, कोरीव.

याशिवाय दुसरा एक बोगदा आहे. तो तटाच्या आतून निघतो आणि ९३ पायऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यापर्यंत पोचतो. वेढा पडला तर झऱ्याच्या गुहेचं बाहेरचं तोंड बंद करायचं आणि आतून पाणी भरायचं. या दोन कामांतलं आधी कोणतं, नंतर कोणतं, आणि कोणत्या राजवटीत, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. हजारो टन खडक हातोडी-छिन्नीनं फोडून बाहेर काढायला मनुष्यबळ लागतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या या टेकडीवर राहायचं आहे हा विश्वास लागतो.

आणि 'पाणक्ये'! ज्यांना शिक्षा म्हणून पाणी भरायला लावलं, त्यांच्या गावाची सर्वांत मोठी खूण पाणी हीच आहे. ग्रंथातही ते पाणी दिसतं. शौल राजा मेल्यावर त्याच्या घराण्याचा सेनापती अबनेर आणि दावीदाचा सेनापती यवाब गिबोनच्या तळ्यापाशी आमनेसामने बसतात, एक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडचे बारा-बारा तरुण उठतात, एकमेकांचे केस धरतात आणि कुशीत तलवारी खुपसतात. चोवीसच्या चोवीस पडतात. भाऊबंदकीची लढाई तिथून पेटते. ते तळं म्हणजे हाच कोरीव खड्डा का? प्रिचर्ड यांचा कल तसा होता. तसं मानायला मोह होतो, पण पक्कं म्हणता येत नाही.

जिथे पुरावा बोलत नाही

आता अडचणीची गोष्ट. ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

यहोशवाच्या गोष्टीचा काळ परंपरेनं उत्तर कांस्ययुगाच्या शेवटी, म्हणजे ढोबळमानानं इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपास धरतात. अल-जीबच्या टेकडीवर मध्य कांस्ययुगातली वस्ती सापडली. लोहयुगातलं भरभराटीचं गाव सापडलं. पण मधल्या उत्तर कांस्ययुगातल्या वस्तीचे अवशेष मिळाले नाहीत, काही थडग्यांत त्या काळच्या वस्तू आहेत इतकंच. राजनगरांसारखं मोठं शहर त्या काळात तिथे उभं होतं, असं जमीन म्हणत नाही. टेकडीचा फार मोठा भाग खोदलेलाच नाही, असं एक उत्तर दिलं जातं. ते चूक नाही. पण न खोदलेल्या जमिनीच्या भरवशावर इतिहास लिहिता येत नाही.

मग या गोष्टीचं काय करायचं? माझं मत असं. यहोशवाची गोष्ट घडलेल्या प्रसंगाची नोंद म्हणून वाचली तर ती आपल्याला फार साथ देत नाही. पण ती एका वस्तुस्थितीचं स्पष्टीकरण म्हणून वाचली, तर बरंच काही सांगते. वस्तुस्थिती अशी, की राजांच्या काळात इस्राएलच्या मधोमध, यरुशलेमच्या उंबऱ्यावर, एक असं गाव होतं ज्याचे लोक मूळचे इस्राएल नव्हेत असं सगळ्यांना माहीत होतं. एका ठिकाणी त्यांना हिव्वी म्हटलंय, दुसऱ्या ठिकाणी अमोरी. ते उपासनेच्या जागी लाकूड-पाणी पुरवत होते. आणि त्यांना हात लावायचा नाही असा जुना संकेत होता. हे लोक इथे का आहेत? आपण त्यांना घालवून का दिलं नाही? या प्रश्नांचं उत्तर म्हणजे ती गोष्ट. आमच्या वाडवडिलांनी शब्द दिला होता.

रिस्पा

आणि तो शब्द एकदा मोडला गेला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ही हकीकत येते. मला विचाराल तर गिबोनच्या इतिहासाचा गाभा इथे आहे.

दावीदाच्या राज्यात सलग तीन वर्षं दुष्काळ पडतो. कारण विचारल्यावर उत्तर मिळतं, शौलानं गिबोनकरांना मारलं, त्याचं हे रक्त आहे. शौलानं केलेल्या या कत्तलीचं वर्णन शौलाच्या चरित्रात कुठेही नाही. ती घडली हे आपल्याला पहिल्यांदा इथे, तो मेल्यानंतर कळतं. इतिहासवृत्तं लिहिताना काय गाळलं जातं, त्याचा हा नमुना आहे. दुबळ्यांवरचा अत्याचार राजाच्या चरित्रात येत नाही, तो पुढे कधीतरी दुष्काळाच्या रूपानं वर येतो.

दावीद गिबोनकरांना बोलावतो, काय भरपाई करू विचारतो. ते म्हणतात, सोनं-चांदी नको. शौलाच्या वंशातले सात पुरुष आमच्या हवाली कर. दावीद योनाथानाच्या मुलाला, मफीबोशेथाला वाचवतो, कारण योनाथानाला त्यानं शपथ दिली होती. पाहा, एक शपथ मोडली म्हणून सात जण मरतात आणि दुसऱ्या शपथेमुळे एक जण वाचतो. सातांत दोघं शौलाची उपपत्नी रिस्पा हिची मुलं असतात, बाकी पाच शौलाचे नातू. त्यांना डोंगरावर मारून टांगलं जातं. जवाच्या कापणीचा आरंभ होता.

इथे इतिहासकारानं डोळे उघडे ठेवायला हवेत. शौलाच्या घराण्यातले गादीचे वारस एका फटक्यात संपले, याचा फायदा कुणाला झाला? दावीदालाच. हा संशय आपलाच आधुनिक आहे असं समजू नका. त्याच पुस्तकात शौलाच्या कुळातला शिमी नावाचा माणूस भर रस्त्यात दावीदाला शौलाच्या घराण्याच्या रक्ताबद्दल शिव्याशाप देतो. म्हणजे त्या काळीही लोक बोलत होतेच. इथे पाणी मुरतंय, असं त्यांनाही वाटत होतं. आणि आणखी एक. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ सांगते, की शौलाचं कूळ आणि गिबोन यांचा जवळचा संबंध होता. ते खरं असेल, तर शौलाची कत्तल परक्यांवरची स्वारी नसून, एकाच पंचक्रोशीतला जमिनीचा आणि हक्काचा झगडा असू शकेल.

पण राजकारण सांगून झालं तरी रिस्पा उरतेच. ती गोणपाट घेते, खडकावर अंथरते आणि त्या मृतदेहांपाशी बसते. कापणीच्या आरंभापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना टेकू देत नाही, रात्री श्वापदांना जवळ येऊ देत नाही. त्या मुलखात कापणी वसंतात होते आणि पाऊस येतो तो शरदात. एरवीप्रमाणे पाऊस आला असं धरलं, तर ही बाई कित्येक महिने तिथे बसली होती. पूर्ण प्रसंगात ती एकही शब्द बोलत नाही. राजाकडे अर्ज नाही, आक्रोश नाही. पण बातमी दावीदाच्या कानावर जाते. तेव्हा तो शौल आणि योनाथान यांच्या अस्थी याबेश-गिलादहून आणवतो, या सातांच्याही गोळा करवतो, आणि शौलाच्या बापाच्या थडग्यात मूठमाती दिली जाते. त्यानंतरच, असं ग्रंथ म्हणतो, देशाची प्रार्थना ऐकली गेली. म्हणजे फाशीनं दुष्काळ फिटला नाही. मेलेल्यांना मान मिळाला तेव्हा फिटला.

आता एक पेच. मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे, की टांगलेलं प्रेत रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं. मग इथे महिनोन्‌महिने कसं ठेवलं? तालमूदमधल्या पंडितांना हा प्रश्न पडलाच. त्यांचं एक उत्तर मला फार विलक्षण वाटतं. ते म्हणतात, वाटेनं जाणारे परके लोक विचारायचे, हे कोण? राजपुत्र. यांनी काय केलं? आश्रयाला आलेल्या परक्यांवर हात उगारला. ते उत्तर ऐकून परक्यांना कळायचं, की या लोकांत दुबळ्याचा न्याय राजपुत्राविरुद्धही होतो. त्यासाठी नियमाचं एक अक्षर बाजूला ठेवलं तरी चालेल, असं ते पंडित म्हणतात.

हे ऐकून फार भारावून जाऊ नका. कारण त्याच चर्चेत त्याच परंपरेनं गिबोनकरांना दूरही लोटलं आहे. त्यांनी सूडाची मागणी केली, दया दाखवली नाही, म्हणून ते आपल्यात मिसळण्याजोगे नाहीत, असा निवाडा दिला गेला. पुढे 'नथीनीम' नावाचा मंदिरसेवकांचा एक वर्ग दिसतो, परंपरा त्यांना गिबोनकरांचे वंशज मानते, आणि मिश्नामध्ये त्यांच्याशी लग्नसंबंधावर बंधनं आहेत. म्हणजे शब्द पाळला, पण बरोबरीनं बसवलं नाही. जीव दिला, जागा दिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपण एकच उचलली तर इतिहास अर्धा होईल.

पुढची वाट

बाकीचं थोडक्यात. शलमोन राजा झाल्यावर यरुशलेममध्ये अजून मंदिर नव्हतं, तेव्हा तो गिबोनच्या मोठ्या उच्चस्थानी यज्ञ करायला जातो. तिथेच त्याला स्वप्न पडतं आणि तो संपत्ती नव्हे, न्याय करण्यासाठी समज मागतो. ही जागा अल-जीबजवळच्या नबी सामविल या उंच टेकडीवर होती, असं काही अभ्यासक मानतात. पुढे इजिप्तचा राजा शिशक यानं इ.स.पू. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागावर स्वारी केली. कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर त्यानं गावांची जी यादी कोरली, तीत गिबोनचं नाव ओळखलं गेलं आहे.

यिर्मयाच्या काळी गिबोनचा एक संदेष्टा, हनन्या, यरुशलेमात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो सर्वांसमक्ष मोडतो. लोकांना हवं ते सांगणारा माणूस तो. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं आणि तो चुकीचा ठरला. खापरांवरही हनन्या हे नाव आहे, पण तो हाच, असं समजू नका. ते नाव तेव्हा घरोघरी होतं.

यरुशलेम पडल्यावर बाबेलनं नेमलेला अधिकारी गदल्या याचा मिस्पा इथे खून होतो. खुनी इश्माएल लोकांना कैद करून निघतो. योहानान त्याचा पाठलाग करतो आणि त्याला गाठतो कुठे? गिबोनच्या मोठ्या पाण्यापाशी. कैद्यांनी योहानानाला पाहिलं आणि ते आनंदले, असं यिर्मया सांगतो. त्याच पाण्याशी पूर्वी चोवीस तरुण मेले होते.

हद्दपारीतून परतलेल्यांच्या यादीत नहेम्या गिबोनचे ९५ लोक मोजतो. यरुशलेमचा तट पुन्हा बांधताना मलत्या नावाचा गिबोनकर त्याच्या वाट्याचा भाग उभारतो. आणि इ.स. ६६ मध्ये रोमन सेनापती केस्तियस गाल्लुस यरुशलेमवर चालून आला, तेव्हा त्याची छावणी इथेच पडली होती, अशी नोंद इतिहासकार जोसेफस यानं केली आहे.

मला त्या मलत्याजवळ थांबावंसं वाटतं. ज्यांच्या पूर्वजांनी फाटके जोडे घालून जीव वाचवला, ज्यांच्यावर राजानं तलवार चालवली, ज्यांना पाणक्ये म्हणून ठेवलं, त्या गावचा एक माणूस यरुशलेमचा तट बांधतोय. यादीत त्याचं नाव आहे, गावाच्या नावासकट. दिलेला शब्द काळ्या दगडावरची रेघ असते, असं आपण म्हणतो. गिबोनची रेघ पुसट झाली, एकदा रक्तानं माखली, पण मिटली नाही.

इथे थांबतो. वेळ आहे तोवर एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : उत्खननात पुरावा नाही, तर यहोशवाची गोष्ट खोटीच म्हणायची ना?

उत्तर : खोटी म्हणजे काय, ते आधी ठरवू. ज्या रूपात ती लिहिली आहे त्या रूपात, त्या काळात घडली, असं म्हणायला आज आधार अपुरा आहे. एवढं स्पष्ट म्हणायला मला संकोच नाही. पण कुणीतरी ही गोष्ट रचून मुद्दाम आपल्याच लोकांना फसलेलं दाखवलं, आणि तरी शब्द पाळायला लावला. विजेत्यांनी लिहिलेल्या ग्रंथात आपली फजिती आणि आपलं बंधन जपून ठेवणं, हे मला पुरावा म्हणून महत्त्वाचं वाटतं. घटनेचा नव्हे, ती सांगणाऱ्यांच्या मनाचा.

प्रश्न : ते खड्डे आणि पायऱ्या आज पाहता येतात का?

उत्तर : तो गोल खड्डा आणि पायऱ्या अल-जीबच्या टेकडीवर आहेत. खापरं संग्रहालयात गेली. पण तुम्ही जाऊ शकला नाहीत तरी एक करा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढा आणि पहिल्या चौदा ओळी वाचा. पाच मिनिटं लागतील. रिस्पापाशी जरा थांबा. मग पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुम्हीच मला प्रश्न विचाराल.